डॉक्टरांपुढचा होकार

काटकोन हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. रस्त्यावरच्या दुकानदारांनी ते त्याला बहाल केलं होतं आणि तोही ते खुशाल मिरवायचा. फोटो, चित्रं, पदव्या, विणलेले रुमाल, लोकांना जे काय भिंतीवर टांगावंसं वाटतं त्याला चौकट करून देणं हा त्याचा धंदा. चौकटीचा कोपरा केसभर उघडा राहिला तरी हा गडी ती पट्टी बाजूला फेकायचा आणि नवी कापायला घ्यायचा. समोरचं गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो, कुणाला दिसतंय?" त्यावर याचं उत्तर ठरलेलं असे, "मला दिसतंय ना." नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण वाईट नव्हता.

दुकान नवरा-बायको दोघांचं होतं. पट्ट्या कापणं, काच कापणं आणि ठोकाठोकी याच्याकडे. चित्राभोवती कुठल्या रंगाचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची किनार, घालायचा आणि तो किती रुंद ठेवायचा, हे तिच्याकडे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एक गृहस्थ आपल्या वडिलांचा फोटो घेऊन आले होते. हा म्हणाला काळी पट्टी, ती म्हणाली तपकिरी. दोघांचं असं काही जुंपलं की गृहस्थांनी फोटो परत पिशवीत घातला. "तुमचं आधी ठरू द्या, मग येतो मी," असं म्हणून जे गेले ते गेलेच. त्या दिवशी दोघांनी कानाला खडा लावला. गिऱ्हाइकासमोर एकमेकांचं खोडायचं नाही. एकाने काही सांगितलं की दुसऱ्याने "हो, बरोबर" म्हणायचं. मनातून पटलं नसेल तर मापाचा टेप काउंटरवर ठेवायचा. टेप दिसला की दुसऱ्याने म्हणायचं, "एक मिनिट हं, आत नमुना आहे का बघतो," आणि दोघांनी मागच्या खोलीत जायचं.

मागची खोली म्हणजे हार्डबोर्डच्या थप्प्यांमधून दोन माणसं उभी राहतील एवढी उरलेली जागा. तिथे ती दोघं दबक्या आवाजात भांडायची. दबक्या आवाजात भांडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ओरडण्याचा सगळा जोर फुसफुसण्यात घालावा लागतो. बाहेर ताटकळलेल्या एका आजोबांनी एकदा विचारलं होतं, "आत कुकर लावलाय का?" पण बाहेर यायची ती मात्र एका मताने. धंदा वर्षानुवर्षं असा चालला, आणि खरं सांगायचं तर संसारही असाच चालला. लेकीची शाळा, घर बदलणं, कुणाच्या लग्नाला जायचं आणि कुणाच्या नाही, सगळ्यावर कडाकडा भांडण व्हायचं आणि मग कुठे ती गोष्ट ठरायची. तिने एखाद्या गोष्टीला फाटे फोडले नाहीत तर ती पक्की झालीय असं त्याला वाटतच नसे.

साठी उलटल्यावर परगावी असलेल्या लेकीने फोनवर धोशा लावला म्हणून त्याने रक्त तपासून घेतलं. त्यात पीएसए नावाचा आकडा वाढलेला निघाला. एमआरआय झाला, त्यात प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला एक डाग दिसला. मग सुया टोचून तुकडे काढले, म्हणजे बायोप्सी. एवढं सगळं होऊनही त्याला काही दुखत नव्हतं की खुपत नव्हतं, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय असंच त्याला वाटत होतं. डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला. तिने पाणी मागितलं आणि आलेला पेला याने रिकामा केला.

डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी कागद पुढे ओढला, अक्रोडासारखी ग्रंथी काढली आणि तिच्या डाव्या अंगाला एक ठिपका काढला. "गाठ ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर कुठे पसरलेली नाही," ते म्हणाले. "प्रकार मधला आहे. अगदी गरीब नाही, फार दांडगाही नाही. म्हणून तुमच्यापुढे रस्ते आहेत, आणि कुठला घ्यायचा ते ठरवायला वेळही आहे."

पहिला रस्ता म्हणजे नुसतं लक्ष ठेवायचं, तपासण्या करत राहायचं आणि गाठ हलली तरच हात लावायचा. "काही जण तो घेतात. तुमच्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही, पण तो बंदही नाही." दुसरा रस्ता ऑपरेशनचा, सगळी ग्रंथी काढायची. तिसरा रेडिएशनचा. त्यात कापाकापी नाही, पण आठवडेच्या आठवडे यायचं, आणि मूत्राशयाचा किंवा शौचाच्या जागेचा त्रास कधीकधी वर्षांनी डोकं वर काढतो. "आणि चौथा, फोकल थेरपी. ध्वनिलहरींच्या उष्णतेने फक्त हा ठिपका आणि भोवतीची थोडी जागा जाळायची. बाकीची ग्रंथी जागच्या जागी."

"मग सगळे तेच का करत नाहीत?" त्याने विचारलं.

"सगळ्यांची गाठ अशी एका जागी नसते. शिवाय उरलेल्या भागात पुन्हा उगवू शकते. काही जणांना पुढे परत उपचार लागतात. आणि ऑपरेशनचा जसा जुना, लांब पल्ल्याचा अनुभव आमच्यापाशी आहे, तसा याचा अजून नाही. हे मी लपवणार नाही." मग त्यांनी तितक्याच सावकाश ऑपरेशनच्या बाजूचंही सांगितलं. लघवीवरचा ताबा सुरुवातीला जातो. बहुतेकांचा परत येतो, काहींचा पूर्णपणे येत नाही. आणि नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते, नसा वाचवल्या तरी या वयात पुष्कळांना येते. "फोकलमध्ये हे दोन्ही त्रास सहसा कमी होतात. होतच नाहीत असं नाही."

शेवटच्या विषयावर दोघंही भिंतीवरच्या एकाच खिळ्याकडे बघत बसली. डॉक्टरांचं बोलून झालं तसा तो खिळ्यावरून नजर काढून त्यांच्याकडे वळला. "काढून टाका," तो म्हणाला. "सगळंच काढून टाका. उगाच थोडं ठेवायचं कशाला?"

"हो, बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.

त्याने सवयीने तिच्या हाताकडे पाहिलं. हातात पर्स होती, टेप कुठला असायला? टेप नाही म्हणजे तिला पटलंय, असं त्याने धरलं. माशी शिंकली ती इथेच. इतक्या वर्षांच्या सवयीने ती दोघं डॉक्टरांपुढे गिऱ्हाइकापुढे वागावं तशी वागली होती. त्याने ठामपणे काहीतरी सांगून टाकलं, तिने मान डोलावली. फरक एवढाच की इथे मागची खोली नव्हती. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, महिनाभराने या, तेव्हा तारीख ठरवू. दोघं त्यांचे आभार मानून घरी आली.

आता ऑपरेशन त्याला हवं होतं का? छे. काढून टाका असं तो म्हणाला कारण तिला तेच हवं असणार असं त्याला वाटलं. कुठल्या बायकोला नवऱ्याच्या अंगात कॅन्सरचा कण उरलेला चालेल? त्याला स्वतःला भीती वाटत होती ती काउंटरवर वाकल्यावर पँट ओली होण्याची. आणि त्याहून मोठी भीती अशी होती की ती स्वतःशी कबूल करायलाही तो लाजत होता. साठीनंतर नवरा-बायको एकमेकांना फक्त औषधांच्या वेळा सांगतात असं लोकांना वाटतं. या दोघांचं तसं नव्हतं. दिवसभर हार्डबोर्डच्या आडोशाला भांडलेल्या त्या दोघांची अंथरुणात एकमेकांजवळ सरकायची वाट अजून मोडली नव्हती. पण हे बोलायचं कसं? जिवावर बेतलंय आणि म्हाताऱ्याला हे सुचतंय, असं ती म्हणाली तर? म्हणून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

फोकलचं मनात येऊन जायचं, पण तिथेही त्याचा स्वभाव आडवा यायचा. एक कोपरा बिघडला तर अख्खी पट्टी टाकणारा हा माणूस. अर्धीमुर्धी ग्रंथी आत ठेवून त्याला झोप लागली असती का, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

घरात मात्र वेगळंच काहीतरी सुरू झालं होतं. बायको त्याचं ऐकायला लागली होती. तो म्हणाला खिडकी लाव, तिने लावली. तो म्हणाला उघड, तिने उघडली. भाजी अळणी आहे म्हणाल्यावर एरवी ती "तुमची जीभ अळणी आहे" म्हणून मोकळी झाली असती. आता तिने निमूट मीठ आणून दिलं. पहिले दोन दिवस त्याला बरं वाटलं, नाही कशाला म्हणा. तिसऱ्या दिवसापासून मात्र त्याला ते खटकायला लागलं.

शेवटी त्याने परीक्षाच घ्यायचं ठरवलं. दुकानात एक तरुण मुलगी पेन्सिलीने काढलेलं झोपलेल्या मांजराचं चित्र घेऊन आली होती. हलक्या हाताचं, फुंकर मारली तर उडेल असं. याने भिंतीवरून सोनेरी, नक्षीदार, चार बोटं रुंद पट्टीचा नमुना काढला आणि चित्राशेजारी धरला. "याला हीच शोभेल," तो म्हणाला. बायको शेजारीच उभी होती. टेप तिच्या गळ्यात होता.

"हो, छान दिसेल," ती म्हणाली. टेप गळ्यातच राहिला.

तो थांबला. मुद्दाम पट्टी आणखी जवळ सरकवली, म्हणजे तिचा भडकपणा डोळ्यांत भरावा. टेप काही हलेना. शेवटी तोच म्हणाला, "एक मिनिट हं, आत नमुना बघतो. ये गं जरा."

मागच्या खोलीत गेल्या गेल्या तो फुसफुसला, "अगं, मांजराला सोनेरी नक्षी?"

"तुम्हाला योग्य वाटलं असेल."

"मला नाही वाटलं!"

"मग बदला ना."

"अगं, मग तू काही बोल ना! भांड की माझ्याशी!"

"कशाला?" ती मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही आता उगाच त्रास करून घेऊ नका."

तो आवाज त्याने ओळखला. चोखंदळ, महागडं, हातचं जाऊ द्यायचं नाही असं गिऱ्हाईक आलं की ती याच आवाजात बोलायची. ओठांवर तेच हसू असायचं. इतकी वर्षं तो काउंटरच्या अलीकडे तिच्या शेजारी उभा होता. आता तिने त्याला पलीकडे नेऊन ठेवलं होतं. बायोप्सीच्या टेबलावर पडलेला असतानाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. आणि वर कडी म्हणजे, बाहेर आल्यावर त्या मुलीने सोनेरी पट्टीच पसंत केली आणि आनंदाने पैसे देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेजारच्या चष्मेवाल्याकडे जाऊन बसला. चष्मेवाला त्याचा जुना दोस्त. काही वर्षांपूर्वी त्याची ग्रंथी ऑपरेशनने काढलेली होती हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, पण पुढचं कधी कुणी विचारलं नव्हतं.

"खरं सांग," काटकोन म्हणाला, "कसं असतं रे ते?"

चष्मेवाल्याने हातातली काच पुसून खाली ठेवली. "शिंकलो की थोडी होते. म्हणून शिंक येतेय असं वाटलं की मी आधी बसून घेतो. तू बघितलं असशील."

"मला वाटलं गुडघे दुखतात."

"वाटू दे लोकांना. गुडघ्याला मान असतो."

"आणि ते?"

"ते काय?"

"ते रे."

"अच्छा, ते." चष्मेवाल्याने दाराकडे एकदा पाहिलं. "ते गेलं. गोळी घेतो, कधी जमतं, बहुतेक वेळा नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही हां. माझ्याबरोबर ऑपरेशन झालेला एक जण आता तरुणासारखा हिंडतो. माझी गाठ मोठी होती, दोन्हीकडे होती, मला दुसरा रस्ता नव्हता. जगलोय, तक्रार करणार नाही. फक्त एक आहे. मी बायकोला आधी विचारलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, काही नाही हो त्यात. पण तेव्हापासून ती रोज माझ्या आधी झोपते."

मग चष्मेवाल्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

लेक फोनवर रोज नवीन काहीतरी वाचून सांगायची. फोकलवाले किती, रेडिएशनवाले किती, कुणाला काय झालं. शेवटी एकदा वैतागून ती म्हणाली, "बाबा, आईला काय वाटतं?" "तिला पटलंय ऑपरेशन," तो म्हणाला. मग लेक म्हणाली, "आई तर म्हणते तुम्हाला पटलंय." त्याने ते कानाआड केलं. त्याला वाटलं, पटलंय दोघांना, त्यात काय विशेष?

महिन्याने दोघं परत डॉक्टरांपुढे बसली. डॉक्टरांनी एमआरआय पुन्हा एकदा पाहिला. "ऑपरेशनची तारीख देतो. पण तुम्हाला फोकलही चालण्यासारखं आहे, म्हणून परत एकदा विचारतो. नक्की ना?"

"नक्की," तो म्हणाला.

"त्यांचं ठरलंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांचं कळलं. तुमचं?"

तिने पर्सचा बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, मग परत पहिल्या हातात. आणि एकदम उभी राहिली. "आम्ही जरा बाहेर जाऊन येतो."

बाहेर लांबलचक कॉरिडॉर होता, बाकांवर माणसं होती. ती त्याला जिन्याच्या वळणापर्यंत घेऊन गेली. तिथे एक सफाईवाली बाई फरशी पुसत होती. ती बाई जाईपर्यंत थांबावं असं दोघांच्याही मनात होतं, पण तिला काही घाई दिसेना.

"तुम्हाला खरंच ऑपरेशन हवंय?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं.

"तुला हवंय ना?"

"मला? मी कधी म्हटलं?"

"तिथे बसून म्हणालीस की! बरोबर आहे त्यांचं म्हणालीस!"

"मग काय डॉक्टरांसमोर तुमचं खोडू?" तिचा आवाज चढला. "उभ्या आयुष्यात कधी परक्यासमोर खोडलंय का?"

"घरी सांगायचंस! महिना झाला! हो ला हो करत बसलीस नुसती. खिडकी लाव तर हो, उघड तर हो. मांजराला सोनेरी पट्टी, तर म्हणे छान!"

"घाण दिसत होती ती पट्टी!"

"मग बोलली का नाहीस?"

"कारण तुम्ही मराल म्हणून भीती वाटत होती मला!" हे ती जिन्यात घुमेल एवढ्या मोठ्याने म्हणाली. बाकांवरच्या माना वळल्या. "मनात आलं, हे शेवटचंच वर्ष असलं तर? निदान त्यात तरी भांडू नये."

सफाईवाली बाई पोछा घेऊन उभी राहिली होती. "फरशी ओली आहे, तेवढी बघा," ती म्हणाली आणि बादली घेऊन एक पायरी खाली उतरली. लांब मात्र गेली नाही.

काटकोनने जिन्याचा कठडा धरला. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही हे त्याला कळलं. "मला ते छोटं करायचंय," तो म्हणाला. "फोकल. पण मला वाटलं, तू म्हणशील, याला जिवापेक्षा ते जास्त झालं."

"ते म्हणजे?"

"ते गं."

तिला कळलं. तिचा चेहरा लाल झाला, पण नजर तिने खाली केली नाही. "मला वाटलं मी म्हणाले तर तुम्ही म्हणाल, हिला माझ्या जिवाची पर्वा नाही, हिला ते हवंय. म्हणून मी गप्प." तिचा आवाज आता पुन्हा दबका झाला. "हवंय मला. तुमचं जे जाईल ते माझंही जाणारच आहे ना? मला तुम्ही सगळेच्या सगळे हवे आहात. अर्धे मिळाले तरी घेईन, कुरकुर करणार नाही. पण आधीच अर्धे का मागू?"

त्याला रडू आलं आणि तो रडला. ओल्या फरशीवर, चारचौघांत.

थोड्या वेळाने नाक पुसून तो म्हणाला, "पण बाकीची ग्रंथी आत राहणार. उद्या तिथे काही निघालं तर?"

"तर निघेल."

"प्रत्येक तपासणीला जीव टांगणीला लागेल."

"लागू दे. दोघांचा लागेल."

"आणि मग मी म्हणेन, तेव्हाच काढलं असतं तर बरं झालं असतं."

"म्हणा की. मी तेव्हाही भांडेन तुमच्याशी."

तरीही लगेच काही ठरलं नाही. ती म्हणाली, रेडिएशनचं नीट विचारलंच नाही आपण. तो म्हणाला, आठवडेच्या आठवडे दुकान कोण बघणार. ती म्हणाली, दुकान गेलं खड्ड्यात. तो म्हणाला, खड्ड्यात घालायला ते तुझ्या एकटीचं नाही. असं बराच वेळ चाललं. तोपर्यंत डॉक्टरांनी पुढचे दोन पेशंट उरकले होते.

परत आत गेल्यावर तीच बोलायला लागली. परत उगवलं तर ऑपरेशन करता येतं का? येतं, पण जरा अवघड होतं, डॉक्टर म्हणाले. रेडिएशन? तेही करता येतं. तपासण्या किती दिवस? आयुष्यभर, पहिली काही वर्षं जास्त. बायोप्सी पुन्हा? हो, वर्षभराने एकदा नक्की. "यांना तपासण्या चुकवायची सवय आहे," ती म्हणाली. "नाही, मला काही तशी सवय नाही," तो म्हणाला. "आहे," ती म्हणाली. डॉक्टर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मग फोकलची तारीख ठरली.

काम एका दिवसात झालं. आठवडाभर लघवीची नळी होती. तिने त्याचे पुरते हाल केले. कधी चालायला लावायची, कधी बसायला. लघवीची जळजळ आणि घाई काही आठवडे राहिली. एकदा दुकानात पोचता पोचता पँट ओली झाली, तेव्हा तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मग तेही थांबलं. जी गोष्ट बोलताना दोघं जिन्यात अडखळली होती ती काही महिने रुसून बसली. पुढे बरीचशी परत आली. अगदी पूर्वीसारखी नाही, पण दोघांनी त्याचा बाऊ केला नाही. दुकानात गिऱ्हाइकांपुढचा शिरस्ता मात्र जरा सैल पडला. आता कधीकधी ती लोकांसमोरच त्याचं खोडायची, आणि गिऱ्हाइकांना त्याची गंमत वाटायची.

वर्षाने बायोप्सी झाली. निकाल घ्यायला दोघं गेली. जाळलेल्या जागी काही नव्हतं, ती जागा साफ होती. पण उजव्या बाजूला, जिकडे आधी काहीच दिसलं नव्हतं, तिकडे एका तुकड्यात बारीकसं काही सापडलं. "अगदी सौम्य प्रकारचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आज काही करायची गरज नाही. लक्ष ठेवायचं. सहा महिन्यांनी रक्त तपासू, मग बघू." याने विचारलं, ऑपरेशन केलं असतं तर हे निघालं नसतं ना? डॉक्टर म्हणाले, "नसतं निघालं. दुसरं काही झालं असतं का, ते मला सांगता येत नाही."

इस्पितळाच्या दारातल्या बाकावर दोघं बसली. समोर गाड्या येत-जात होत्या. एक माणूस हातात पॅथॉलॉजीचं पाकीट घेऊन पळत आत गेला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मागच्या वेळी ती अशी गप्प बसली होती तेव्हा काय झालं होतं, हे त्याला ठाऊक होतं. आता त्याला भीती वाटली. गाठीची नव्हे, तिच्या गप्प बसण्याची.

"पस्तावा होतोय का गं?" त्याने विचारलं. "फोकल केलं त्याचा?"

नाही हो, असं ती म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. त्या मऊ आवाजाची त्याने तयारी करून ठेवली होती.

"होतोय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिने पुसलं नाही. "आज होतोय. काल रात्री तुम्ही जवळ होतात तेव्हा नव्हता होत. उद्याचं मला माहीत नाही. विचाराल तेव्हा सांगेन."

त्याने तिचा हात घट्ट धरला. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं. अंगात कॅन्सरचा बारीकसा कण होता, तो कधी मोठा होईल की कधीच होणार नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी वर्षभरात त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"मलाही होतोय," तो म्हणाला.

"मग आधी का नाही बोललात?" ती फणकारली.